बारावीनंतर लॉ : वाचते ते एकच वर्ष

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांच्या करिअर पुरवण्यांत हल्ली कायद्याच्या शिक्षणाला हमखास अर्धे पान मिळते. चांगलीच गोष्ट आहे. पण घरातला निर्णय ज्या बाबींवर ठरायला हवा, त्या बाबी नेमक्या त्या अर्ध्या पानात नसतात. मुलगी बोलायला पटाईत आहे, कुणाला हार जात नाही, तर घाला लॉला. किंवा नीटमध्ये मार्क पडले नाहीत, इंजिनीअरिंग नको, मग लॉ तर लॉ. अशा कारणांनी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेली मुले आम्हाला वर्गातही भेटतात आणि पुढे कोर्टातही. काही छान तरतात, बरीचशी तिसऱ्या वर्षी अडकतात. ती का अडकतात हे नीट सांगायचे म्हणून पत्र लांबले आहे, ते शक्य तो न छाटता छापावे ही विनंती.

पहिली अडचण तारखांची. निकालानंतर विचार करायला बसणे म्हणजे गाडी गेल्यावर स्टेशनवर येणे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट ही परीक्षा डिसेंबरात होते. २०२४ मध्ये ती १ डिसेंबरला झाली, २०२५ मध्ये ७ डिसेंबरला. बारावीची लेखी परीक्षा तेव्हा दोन-अडीच महिन्यांवर असते, आणि अर्ज त्याच्याही आधी पावसाळ्यातच सुरू झालेले असतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली आपली तिन्ही महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठे क्लॅटमधूनच भरतात. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट वेगळी, तीही डिसेंबरातच. राज्याच्या सीईटी कक्षाची लॉ सीईटी उन्हाळ्यात होत असली, तरी तिची नोंदणी बारावीचा निकाल लागण्याआधीच बंद झालेली असते. तेव्हा मे महिन्यात जो 'आता लॉचं बघू' म्हणतो, त्याच्यापुढे खासगी विद्यापीठांच्या स्वतःच्या परीक्षा आणि त्यांची फी एवढेच उरते. दारे कमी उरली की माणूस उरलेल्या दाराची किंमत विचारत नाही, हे प्रवेश एजंटांना पक्के ठाऊक असते.

दोन्ही परीक्षांचा बाज वेगळा आहे. क्लॅटमध्ये १२० प्रश्न, वेळ दोन तास, चुकलेल्या प्रश्नाला पाव गुण वजा. प्रश्न सुटे नसतात. साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा आणि त्याखाली प्रश्न, असा तो सगळा पेपर आहे, इंग्रजीत. पाठांतरावर बारावीपर्यंत आलेल्या मुलाची इथे पहिल्यांदा दमछाक होते. राज्याच्या सीईटीतही १२० प्रश्न आणि दोन तासच, पण वजाबाकी नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. इंग्रजीचा विभाग सोडला तर प्रश्न मराठीतही दिसतात. आणखी एक चूक दर वर्षी होते. सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असे समजून लोक स्वस्थ बसतात. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची नोंदणी वेगळी असते, महाविद्यालयांचे पसंतीक्रम तिथे भरावे लागतात आणि कागदपत्रांची छाननीही तिथेच होते. नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि छाननी त्यानंतर होते. गेल्या वर्षीचा दाखला जोडला की राखीव जागेचा अर्ज सरळ खुल्या गटात जातो. जातवैधतेचेही तसेच. समितीकडे अर्ज अकरावीतच टाकलेला बरा.

आता मुख्य मुद्दा, पाच वर्षांचा की तीन वर्षांचा. बारावीनंतर सरळ बीए एलएलबी, बीबीए एलएलबी किंवा मुंबई विद्यापीठाचा बीएलएस एलएलबी केला, तर पाच वर्षे. आधी कोणतीही पदवी आणि मग एलएलबी केले, तर तीन अधिक तीन, सहा वर्षे. फरक एका वर्षाचा. अठराव्या वर्षी बारावी झालेला एक जण २३ व्या वर्षी वकील होतो, दुसरा २४ व्या. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, दोघांची सारखीच. कोर्टात उभे राहिल्यावर न्यायाधीश कुणालाही 'पाचवाला की तीनवाला' असे विचारत नाहीत, पक्षकार तर नाहीच नाही. जाहिराती हे एक वर्ष मोठ्या अक्षरांत छापतात, त्याच्या बदल्यात काय द्यावे लागते ते मात्र छापत नाहीत.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत तेरावा नियम आहे. एकात्मिक दुहेरी पदवीच्या अभ्यासक्रमात मध्येच प्रवेश नाही आणि पदवीचे तुकडे करून मध्येच बाहेर पडण्याची सोयही नाही. बाकीच्या पदव्यांत नव्या शैक्षणिक धोरणाने एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका अशा वाटा ठेवल्या आहेत, त्या इथे गृहीत धरू नयेत. तिसऱ्या वर्षाअखेर मुलाला कळले की हे आपले काम नव्हे, तर त्याच्या हातात सहा सेमिस्टरच्या गुणपत्रिका असतात, पण पदवी नसते. एमपीएससी, यूपीएससी, बँकेची परीक्षा, एमबीए, सगळीकडे पदवी मागतात. शेजारच्या घरातला बीकॉमवाला त्याच वयात पदवीधर होऊन मोकळा झालेला असतो. प्रवेशाच्या दिवशीच विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे : तीन वर्षांनंतर सोडले तर हातात काय मिळते? तोंडी उत्तरावर विसंबू नये.

तिसऱ्या वर्षीच मुले का अडकतात, याला कारण आहे. बीए एलएलबीची पहिली दोन वर्षे मुख्यतः राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास आणि इंग्रजीची असतात. कायद्याचे एक-दोनच पेपर असतात. मुलाला वाटते जमते आहे. मग दिवाणी प्रक्रिया संहिता, पुरावा, मालमत्ता हस्तांतरण, कंपनी कायदा असे विषय एकामागून एक येतात, आणि आपण नक्की कशाला होकार दिला ते तेव्हा कळते. तीन वर्षांच्या एलएलबीत हा धक्का पहिल्याच सेमिस्टरला बसतो आणि पटत नसेल तर माणूस सहा महिन्यांत परत फिरतो. पहिली पदवी कुठे जात नाही.

शिवाय पहिली पदवी फुकट जात नाही, हे फार कमी लोक लक्षात घेतात. पेटंटच्या कामात जायचे असेल, तर पेटंट कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे पेटंट एजंट म्हणून नोंदणीला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. बीए एलएलबीवाल्याला ती वाट बंद. करांचे काम करायचे असेल, तर बीकॉमबरोबर सीए किंवा सीएसचे काही टप्पे पार करून मग कायद्याकडे आलेला माणूस जीएसटीच्या नोटिशीतला आकडा आणि कलम दोन्ही वाचू शकतो. बांधकाम आणि रेराच्या वादांत स्थापत्य अभियंता असलेल्या वकिलाला काय मागणी असते, हे मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही बिल्डरला विचारावे. चार वर्षांची नवी ऑनर्स पदवी घेणाऱ्यांना एवढेच सांगायचे की कायद्याकडे जायचे ठरले असेल तर तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडा, नाहीतर सहाची सात वर्षे होतील.

मग पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा कुणी? आमच्या मते दोन प्रकारच्या मुलांनी. क्लॅटमध्ये वरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळण्याइतकी रँक आली असेल तर जरूर जावे. मोठ्या लॉ फर्म आणि कंपन्या नोकऱ्या द्यायला कॅम्पसवर येतात त्या मुख्यतः तिथेच. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने १९८८ मध्ये हा पाच वर्षांचा साचा रुजवला. आता तिथेही २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांचा एलएलबी सुरू आहे, हेही ध्यानात असू द्यावे. दुसरा प्रकार म्हणजे सरकारी किंवा जुन्या नावाजलेल्या महाविद्यालयात जागा मिळालेली आणि कोर्टाचे काम आधी डोळ्यांनी पाहून, विचार करून आलेली मुले. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चे, पुण्याचे आयएलएस १९२४ चे. अशा ठिकाणी ग्रंथालय, मूट कोर्टची (सरावाच्या खटल्यांची) परंपरा आणि वकिलीत मुरलेले माजी विद्यार्थी या तिन्ही गोष्टी मिळतात. नुसती रँक कमी आली म्हणून लाखोंची फी भरून कुठल्या तरी नव्या खासगी विद्यापीठात पाच वर्षे काढण्यापेक्षा गावातल्या महाविद्यालयात चांगली पदवी घेऊन मग तीन वर्षांच्या सीईटीला बसणे केव्हाही शहाणपणाचे. हे आमचे स्पष्ट मत आहे. काही सहकारी प्राध्यापकांना ते रुचणार नाही.

तीन वर्षांच्या एलएलबीबद्दलही एक गैरसमज आहे, की तो नोकरी सांभाळून उरकता येतो. नियमाप्रमाणे त्याला आठवड्याला किमान ३० तासांचे अध्यापन आहे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३६ तासांचे, आणि हजेरी ७० टक्के. त्याच वेळी दुसरी नियमित पदवी करायलाही नियमात मनाई आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन पदव्या एकदम करायला परवानगी दिली म्हणून कायद्याबरोबर एमए चालेल, असे समजू नये. पत्राने किंवा दूरशिक्षणाने घेतलेली एलएलबी सनदेसाठी चालत नाही. आणखी एक खाचखळगा मुक्त विद्यापीठाचा. बारावी न करता फक्त पूर्वतयारी परीक्षेवर जे मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाले, त्यांना पाचव्या नियमाच्या स्पष्टीकरणानुसार एलएलबीला प्रवेश मिळत नाही. दहावी, बारावी आणि मग मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तर अडचण नाही. गुणांची अट खुल्या गटाला ४५ टक्के, इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पाच वर्षांना ती बारावीच्या गुणांवर मोजतात, तीन वर्षांना पदवीच्या.

महाविद्यालयाची मान्यता हा विषय एका ओळीचा असला तरी सगळ्यात महागात पडतो. बार कौन्सिलची मान्यता ठरावीक काळापुरती असते आणि ती वाढवून घ्यावी लागते. विद्यापीठाशी संलग्नता असणे वेगळे, बार कौन्सिलची मान्यता असणे वेगळे. कौन्सिलच्या संकेतस्थळावरील यादीत महाविद्यालयाचे नाव आणि मान्यतेचे वर्ष पाहूनच पैसे भरावेत. मान्यता नसलेल्या वर्षी प्रवेश घेतलेला असेल, तर गोची पाच वर्षांनी सनदेच्या वेळी होते, प्रवेशाच्या वेळी नव्हे. दर्जा घसरल्याचे कारण देऊन बार कौन्सिलने ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या विधी महाविद्यालयांना तीन वर्षे बंदी घातली, यावरून काय ते समजावे.

पैशाचे. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांत वर्षाची फी हजारांत असते, राष्ट्रीय विधी विद्यापीठांत आणि खासगी विद्यापीठांत लाखांत. विनाअनुदानित महाविद्यालयांची फी राज्यात २०१५ च्या कायद्याखालचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. ठरलेला आकडा पाहून मगच पावती फाडावी. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला माफी नाही, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. थोडे बरे महाविद्यालय मिळावे म्हणून कॅपची जागा सोडून व्यवस्थापन कोट्यात गेलेल्या मुलीच्या घरचे ही माफी कायमची गमावतात.

कर्ज काढणार असाल तर हिशेब कागदावर मांडा. बँकांच्या आदर्श योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ता अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. इंजिनीअरला ते वर्ष पुरते. वकिलाला पुरत नाही, कारण वकिलीत पहिली दोन-तीन वर्षे कमाई जवळपास नसते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये दरमहा ज्युनिअरला द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या ठिकाणी अनेक ज्युनिअरना पेट्रोलपुरते मिळते, काहींना तेही नाही. ज्याच्या घरातून ही तीन वर्षे निभावण्याची तयारी नाही आणि डोक्यावर लाखोंचे कर्ज आहे, त्याने दिवाणी कोर्टात वकिली करण्याचे स्वप्न आणि महागड्या विद्यापीठाची जागा एकाच वेळी धरू नये. दोन्हींपैकी एक सोडावे.

पदवीनंतरचे टप्पे माहीत असले की वय आणि पैसा यांचे गणित नीट बसते. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवायचे, त्याला कायद्याने ठरलेले शुल्क ७५० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींना १२५, शिवाय मुद्रांक शुल्क. राज्यांच्या बार कौन्सिल याच्यावर निरनिराळ्या नावांनी हजारो रुपये घेत होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला ते बेकायदा ठरवले. मग ऑल इंडिया बार एक्झामिनेशन : १०० बहुपर्यायी प्रश्न, खुल्या व इतर मागास गटाला उत्तीर्ण होण्यास ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. टिपा नसलेले मूळ कायदे, म्हणजे बेअर ॲक्ट सोबत नेता येतात. परीक्षा अवघड नाही, पण बेअर ॲक्ट उघडायची सवय नसलेला मुलगा पाने उलटण्यातच वेळ घालवतो.

न्यायाधीश व्हायचे म्हणून लॉ, असे म्हणणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठा बदल २० मे २०२५ चा आहे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षे वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केली. महाराष्ट्राच्या २००८ च्या न्यायिक सेवा नियमांत चांगल्या गुणांनी पहिल्या प्रयत्नात पास झालेल्या ताज्या पदवीधराला २५ व्या वर्षापर्यंत थेट परीक्षा देता येत असे. पाच वर्षांचा लॉ केला की लगेच जज, हे जे क्लासवाले सांगत, ते या निकालाने संपले. तीन वर्षे बार कौन्सिलकडच्या तात्पुरत्या (प्रोव्हिजनल) नोंदणीच्या तारखेपासून मोजतात आणि दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे प्रमाणपत्र स्थानिक प्रधान न्यायिक अधिकाऱ्याच्या पृष्ठांकनासह लागते. नुसती सनद काढून घरी अभ्यास करत बसलेल्याला हे प्रमाणपत्र कोण आणि कसे देणार? एकात्मिक मार्गाने पात्रता २६ व्या वर्षी येते, दुसऱ्याने २७ व्या. वकिलांसाठी वयाची कमाल मर्यादा आपल्या नियमांत ३५ आहे. पाच वर्षांच्या बाजूने दिला जाणारा हा युक्तिवादही त्यामुळे लंगडा पडला.

सनद असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, हा बार कौन्सिलचा ४९ वा नियम. बँकेत विधी अधिकारी म्हणून लागलात तर सनद स्थगित ठेवावी लागते. पगार आणि कोर्ट दोन्ही हवे असणाऱ्यांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांची लोक अभिरक्षक योजना आहे. तिथे सहायक लोक अभिरक्षक म्हणून शून्य ते तीन वर्षे अनुभवाच्या वकिलांना ठरावीक मानधनावर फौजदारी बचावाचे काम मिळते. त्या काळात खासगी प्रकरणे घेता येत नाहीत. शिकायला मात्र याहून चांगली जागा आम्हाला माहीत नाही.

निर्णय घेण्यापूर्वी मुलाने करण्याजोग्या दोन गोष्टी. दोन्ही फुकट आहेत.

पहिली, दहावी-अकरावीच्या सुट्टीत आठ-दहा दिवस तालुका कोर्टात जाऊन बसणे. कोर्ट खुले असते. फौजदारी खटल्यांसाठी तसे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६६ मध्येच लिहिले आहे. बलात्काराचे आणि पोक्सोचे खटले तेवढे बंद दाराआड चालतात. ई-कोर्ट्स ॲपवर त्या दिवसाचे बोर्ड, म्हणजे प्रकरणांची यादी, पाहून अकराच्या आधी मागच्या बाकावर बसावे, मोबाइल बंद ठेवावा. पहिला तास पुकाऱ्यांचा. नाव पुकारले, पक्षकार हजर, वकील दुसऱ्या कोर्टात, मुदतीचा अर्ज, पुढची तारीख. टीव्हीवरचे कोर्ट डोक्यात असणाऱ्याचा इथेच विरस होतो, आणि तो प्रवेशाआधी झालेला बरा. मग एखादे निशाणी ५ चे आर्ग्युमेंट ऐकायला मिळेल. दिवाणी दाव्यात निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज. समजा बांधावर शेजारी भिंत घालतो आहे आणि वादीला ती दावा संपेपर्यंत थांबवून हवी आहे. वकील तीन गोष्टींभोवती बोलतात : प्रथमदर्शनी केस आहे का, सोयी-गैरसोयीचे पारडे कुणाकडे झुकते, आणि हुकूम न दिल्यास भरून न येणारे नुकसान होईल का. वादीच्या वकिलाने मोजणी नकाशा दाखल केलेला असतो. प्रतिवादीचा वकील म्हणतो, ही मोजणी आम्हाला नोटीस न देता झाली. एवढ्या एका वाक्याने नकाशाचे वजन कसे कमी होते, ते मागच्या बाकावरच्या मुलाला दिसले आणि त्याला त्यात रस वाटला, तर त्याला लॉ शिकवायला हरकत नाही. दोन तास ऐकून फक्त कंटाळा आला, तर तेही उत्तरच आहे.

दुसरी गोष्ट, एक निकालपत्र वाचणे. अर्नेशकुमार विरुद्ध बिहार राज्य हा २ जुलै २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल छोटा आणि सुबोध आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक करू नये, अटकेची कारणे नोंदवावीत आणि दंडाधिकाऱ्यांनी डोळे झाकून कोठडी देऊ नये, हा त्याचा गाभा. इंग्रजीतून वाचावा. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अनेक निकालांचे मराठी अनुवाद संकेतस्थळावर ठेवले आहेत, एखादा तसा निकाल दोन्ही भाषांतून ताडून पाहिला तर आणखी चांगले. वाचून एका पानात चार गोष्टी लिहायच्या : घटना काय, प्रश्न काय, निर्णय काय, कारण काय. कॉलेजात पाच वर्षे हेच करायचे असते. अर्नेशकुमारच्या निकालात फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४१ येते. आज त्याच्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५ आहे, कारण १ जुलै २०२४ पासून तिन्ही जुने फौजदारी कायदे बदलले. भारतीय दंड संहितेची ५११ कलमे होती, भारतीय न्याय संहितेची ३५८ आहेत, आणि खुनाचे ३०२ आता १०३ झाले. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनीच दंड संहिता लागू असल्याने पुढची काही वर्षे विद्यार्थ्याला दोन्ही तोंडपाठ ठेवावी लागतील. ताईची जुनी पुस्तके वापरू, असे म्हणणाऱ्यांनी फौजदारीपुरती ती सोबतीला ठेवावीत, मुख्य पुस्तक नवे घ्यावे.

भाषेबद्दल मराठी माध्यमाच्या मुलांना नाहक भीती घातली जाते. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, राज्यातल्या अनेक विद्यापीठांत एलएलबीचे पेपर मराठीत लिहिता येतात, आणि दिवाणी न्यायाधीशाला मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत सफाईने भाषांतर करता आले पाहिजे अशी नियमांतच अट आहे. खेड्यातला मुलगा सातबारा, फेरफार आणि खरेदीखत घरात पाहतच मोठा होतो. हे कागद पुण्याच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलाला तिसऱ्या वर्षी समजावून सांगावे लागतात. मात्र उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते आणि सगळी महत्त्वाची निकालपत्रे इंग्रजीत असतात. पदवीच्या तीन वर्षांत इंग्रजी वाचन पक्के करून मग लॉला येणे हा तीन अधिक तीनचा आणखी एक फायदा.

दक्षिण महाराष्ट्रातल्या पालकांसाठी एक ताजा मुद्दा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे आता तिथे चालतात. या भागातल्या तरुण वकिलाला उच्च न्यायालयाचे काम शिकायला मुंबईत खोली भाड्याने घ्यावी लागत असे, ती गरज बरीच कमी झाली. इंटर्नशिपसाठीही तिथे जाता येईल. पाच वर्षांत २० आठवडे आणि तीन वर्षांत १२ आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे, एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त चालत नाही. ओळखीच्या वकिलाची सही आणून ती कागदावर पुरी करणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. सनद मिळाल्यावर पहिले वकीलपत्र कसे भरायचे, कुठे तिकीट लावायचे, हे ते कारकुनाला विचारत असतात.

आपल्याला एक विनंती. कायद्याच्या प्रवेशांचे पान मे महिन्यात न छापता जूनच्या अखेरीस, बारावीचे वर्ग सुरू होताना छापावे. त्यात क्लॅट, आयलेट आणि राज्य सीईटीच्या नोंदणीच्या तारखा, जिल्ह्यातल्या विधी महाविद्यालयांची बार कौन्सिल मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे ते, आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी अशा तीन रकान्यांचा तक्ता द्यावा. माहिती सार्वजनिक आहे, आपल्या जिल्हा प्रतिनिधींना ती दोन दिवसांत गोळा करता येईल. तपासून द्यायला आम्ही मदत करू.

आपले,
जिल्हा न्यायालयात वकिली करणारे दोघे आणि विधी महाविद्यालयातील एक अध्यापक,
सांगली